बाराव्या आकड्याचं काम

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. या क्रमांकात बारा आकडे असतात, पण माणसागणिक नेमून दिलेले असतात ते पहिले अकराच. बारावा कुणी निवडत नाही. तो आधीच्या अकरांवरून गणिताने निघतो. क्रमांक लिहिताना, टाइप करताना किंवा फोनवर सांगताना चुकला, तर ती चूक तिथल्या तिथे उघडी पाडणं, एवढंच त्याचं काम. इंग्रजीतलं ‘चेक डिजिट’ हे नाव आता सगळीकडे रुळलं आहे.

मागच्या भागात बारकोडच्या काळ्या-पांढऱ्या रेघा पाहिल्या. त्या रेघांखाली तेरा आकडे छापलेले असतात आणि त्यांतला शेवटचाही याच जातीचा. त्याचा हिशेब तोंडी करण्याइतका सोपा आहे. डावीकडून सुरुवात करून पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतील तेवढा तेरावा आकडा. भारतात नोंदलेल्या कंपन्यांचे बारकोड ८९० ने सुरू होतात. (वस्तू भारतातच बनली, असा त्याचा अर्थ नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे.) समजा, ८९० पुढे १ ते ९ ओळीने मांडले: ८९०१२३४५६७८९. हिशेब केला तर बेरीज भरते बरोबर १३०. कमी काहीच पडत नाही, म्हणून तेरावा आकडा शून्य. ८९० नंतर एक ते नऊ आणि मग शून्य, असा गमतीदार बारकोड नियमात चोख बसतो.

३ नेच का गुणायचं? २ ने गुणलं असतं तर ० चा ० होतो आणि ५ चे १०, म्हणजे शेवटी पुन्हा शून्यच. शून्याच्या जागी पाच पडला तरी पत्ता लागला नसता. ३ ने गुणल्यावर शून्य ते नऊ या दहाही आकड्यांची शेवटची घरं वेगवेगळी येतात, त्यामुळे एक आकडा चुकला की बेरीज बिघडतेच. फोनवर ‘एकोणसाठ’ सांगावं आणि पलीकडच्याने ‘एकोणसत्तर’ लिहून घ्यावं, ही आपल्याकडची नेहमीची गफलत यात हमखास सापडते. मालगाडीच्या वाघिणीवर रंगवलेला अकरा आकडी क्रमांक असतो. त्यातला शेवटचा आकडाही असाच, एकआड एक आकड्यांना तीनने गुणून काढतात. धूळ आणि गंज चढलेल्या डब्यावरून क्रमांक उतरवून घेणाऱ्या माणसाला याची गरज दुकानदारापेक्षा जास्त.

शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर मात्र ही पद्धत कधीकधी फसते. २७ चे ७२ झाले की बेरजेत बरोबर दहाचा फरक पडतो, आणि दहाच्या फरकाने शेवटचा आकडा बदलत नाही. ०-५, १-६, २-७, ३-८ आणि ४-९ या पाचही जोड्या अशाच निसटतात.

आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी १९५४ साली पेटंटसाठी मांडलेली युक्ती याहून चलाख होती. त्यांनी एकआड एक आकड्याची दुप्पट केली आणि दुप्पट दोन आकडी झाली तर त्या दोन आकड्यांची बेरीज घेतली. क्रेडिट कार्डांवर आणि मोबाइलच्या पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकात आजही हीच पद्धत चालते. तिच्यातून एकच अदलाबदल सुटते, ०९ आणि ९० ची. नवाची दुप्पट अठरा, एक आणि आठ मिळून पुन्हा नऊच. शून्य तर शून्यच राहतं.

पुस्तकांच्या दुनियेने दहाचा नादच सोडला होता. जुना दहा आकडी आयएसबीएन अकराच्या भागाकारावर चाले. अकरा ही मूळ संख्या असल्याने शेजारच्या आकड्यांची कुठलीही अदलाबदल सुटत नसे. पण बाकी दहा आली तर एका घरात लिहायचं काय? तिथे ‘एक्स’ हे अक्षर छापत. २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला, एक-तीनच्या पद्धतीवर आला आणि या बाबतीत आधीपेक्षा कच्चा झाला. बारकोडशी जुळवून घेण्याची ही किंमत.

फक्त शून्य ते नऊ वापरून एकूण एक चुकीचे आकडे आणि शेजारच्या सगळ्या अदलाबदली पकडणं अशक्यच आहे, असं बराच काळ मानलं जाई. नेदरलँड्समधले गणितज्ञ याकोबुस फरहूफ यांनी १९६९ मध्ये ते करून दाखवलं. त्यांनी आधी टपाल खात्यातल्या खऱ्या चुका तपासल्या. शंभरातल्या सुमारे ७९ चुकांमध्ये एकच आकडा बदललेला होता आणि सुमारे १० मध्ये शेजारचे दोन आकडे उलटे झाले होते.

गोम बेरजेतच होती. तीन अधिक पाच काय आणि पाच अधिक तीन काय, बेरजेला क्रमाशी देणंघेणं नाही. आणि जिला क्रमच कळत नाही तिच्याकडून क्रमाची चूक कशी पकडून घ्यायची? फरहूफ यांनी बेरीज सोडून पंचकोन घेतला. पुठ्ठ्याचा सुसम पंचकोन जागच्या जागी बसवण्याच्या दहा तऱ्हा आहेत: पाच फिरवण्याच्या, पाच उलटवण्याच्या. प्रत्येक तऱ्हेला शून्य ते नऊ यांतला एक आकडा दिला, की क्रमांक वाचणं म्हणजे त्या हालचाली एकापाठोपाठ एक करणं. कोपऱ्यांवर खुणा करून पुठ्ठा आधी फिरवून मग उलटवा आणि नंतर आधी उलटवून मग फिरवा. खुणा वेगळ्या जागी येतात. इथे क्रमाला महत्त्व आहे. नुसत्या फिरवण्याच्या हालचाली मात्र आपसात बदलल्या तरी फरक पडत नाही, म्हणून फरहूफ यांनी दर स्थानावरचा आकडा ठरावीक कोष्टकानुसार बदलून घेण्याची पुस्ती जोडली. मग एकही जोडी सुटेना.

आधारचा बारावा आकडा फरहूफ यांच्या पद्धतीनेच निघतो. जर्मनीने १९९० पासून मार्कच्या नोटांच्या क्रमांकांसाठी याच पंचकोनी गणिताचा एक प्रकार वापरला. त्या मालिकेतल्या दहा मार्कच्या नोटेवर गणितज्ञ गाउस यांचं चित्र होतं. क्रमांक तपासणारं गणित त्यांना नक्कीच आवडलं असतं.

चेक डिजिटला चूक कळते, लबाडी कळत नाही. मनाला येतील ते बारा आकडे ठोकून दिले, तरी दहातला एखादा क्रमांक या चाचणीतून बिनदिक्कत पार होतो. ‘साइटने आधार नंबर घेतला, म्हणजे तो खराच असणार’ या तर्कात म्हणूनच दम नाही. आणि दहा आकडी मोबाइल क्रमांकात तर असा आकडाच नसतो. एक बोट चुकीचं पडलं की फोन भलत्याच घरी वाजतो. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचायला सांगतात, कारण तिथली पडताळणी आकड्यांकडे नाही, आपल्याच डोळ्यांकडे आहे.

कुठला आकडा चुकला आणि तिथे काय हवं होतं, हेही चेक डिजिटला सांगता येत नाही. भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड मात्र कोपरा फाटला, डाग पडला तरी वाचला जातो. त्याच्या सगळ्यात मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के मजकूर खराब झाला तरी तो भरून काढता येतो. ते कसं, हे पुढच्या भागात.