शीट फिल्म घरी धुताना डेव्हलपर कोणता निवडावा?

डिजिटल कॅमेऱ्याच्या आगमनानंतर कृष्णधवल फिल्म इतिहासजमा होईल, हा अंदाज पुरता खरा ठरलेला नाही. ४ बाय ५ इंचांच्या सुट्या शीट फिल्मवर, तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्याने छायाचित्रण करणारे हौशी छायाचित्रकार आजही आहेत. अशी फिल्म धुऊन देणारी ठिकाणे मात्र शोधूनच काढावी लागतात. त्यामुळे अनेकांना न्हाणीघराची खिडकी झाकून तेथेच डार्करूम थाटावी लागते आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो डेव्हलपरच्या निवडीचा. एका शीटवर एकच चित्र असते. ते धुताना बिघडले, तर दुरुस्तीला वाव नसतो. म्हणूनच ही निवड विचारपूर्वक करावी लागते.

कणांची चिंता कितपत?

प्रकाश पडलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांचे धातुरूप चांदीत रूपांतर करणे, हे डेव्हलपरचे काम. ३५ मि.मी. फिल्म वापरणारे साहजिकच बारीक कण देणाऱ्या डेव्हलपरच्या शोधात असतात. १६ बाय २० इंचांच्या प्रिंटसाठी त्यांना निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते. ४ बाय ५ इंचांची शीट त्याच आकारासाठी अवघी चौपट मोठी करावी लागते. त्यामुळे 'कण ठळक येतात' म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, तो रॉडिनालही शीट फिल्मसाठी उत्तम ठरू शकतो. १८९१ मध्ये पेटंट घेतलेले हे द्रावण अर्धवट भरलेल्या बाटलीतही वर्षानुवर्षे टिकते. महिन्यातून चार-पाच शीट धुणाऱ्याला हा गुण कणांच्या बारीकपणापेक्षा मोलाचा वाटावा.

तापमानाचे गणित

शीट फिल्ममध्ये खरा धोका असतो तो असमान धुण्याचा. आकाश किंवा भिंत यांसारख्या सपाट भागांत डाग आणि पट्टे लगेच दिसतात. डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांपेक्षा कमी असेल, तर हा धोका वाढतो.

येथेच आपल्याकडील हवामानाचा प्रश्न येतो. डब्यावर छापलेला वेळ बहुधा २० अंश सेल्सियससाठी असतो. मुंबईत उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी ३० अंशांच्या आसपास असते. इल्फर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मचे उदाहरण घेऊ. आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न मिसळता वापरल्यास २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात. २४ अंशांना हा वेळ जेमतेम पाच मिनिटांवर येतो आणि २७ अंशांना चार मिनिटांच्याही खाली जातो. तोच डेव्हलपर समप्रमाणात पाणी मिसळून वापरल्यास २० अंशांना १३ मिनिटे, २४ अंशांना सुमारे नऊ मिनिटे आणि २७ अंशांनाही साधारण साडेसहा मिनिटे मिळतात. थोडक्यात, उष्ण प्रदेशात पातळ करून वापरता येणारा डेव्हलपरच सोयीचा. बर्फाच्या पाण्यात भांडे ठेवून २४ अंश राखणे घरीही अवघड नाही. फिक्सर व धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळपास असावे.

मात्र पातळ करण्यालाही मर्यादा आहे. ४ बाय ५ इंचांच्या चार शीटचे क्षेत्रफळ ३६ चित्रांच्या एका रोलएवढे भरते. तेवढ्या फिल्मला पुरेल इतका मूळ डेव्हलपर द्रावणात असलाच पाहिजे.

ट्रे की टँक?

धुण्याच्या पद्धतीवरही निवड अवलंबून असते. अंधारात ट्रेमधील शीट हाताने वरखाली करणाऱ्यांचा हात सतत द्रावणात असतो. मेटॉलमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, तर पायरोगॅलॉल विषारी असून त्वचेतून शरीरात जाऊ शकते. म्हणून हातमोजे हवेतच. नवख्याने पायरोपासून दूर राहिलेलेच बरे. ट्रेमध्ये फिल्म सतत हलत असल्याने वेळही १५ टक्क्यांपर्यंत कमी करावा लागतो. फिरत्या ड्रममध्ये हवेशी संपर्क वाढतो आणि काही पायरो डेव्हलपर लवकर निकामी होतात. झाकणाच्या टँकमध्ये हात कोरडे राहतात.

घरी बनविलेला डेव्हलपर

तयार पुडी मिळत नसेल, तर १९२० च्या दशकापासून वापरात असलेला कोडॅकचा डी-७६ सुट्या रसायनांपासून करता येतो. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम हे त्याचे प्रमाण. कोमट पाण्यात आधी मेटॉल विरघळवावे; सल्फाइटच्या दाट द्रावणात ते नीट विरघळत नाही. दुकानातून 'सल्फाइट'ऐवजी 'सल्फेट' आणण्याची चूक टाळावी. पूर्ण भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत हे द्रावण सुमारे सहा महिने टिकते. अर्धवट भरलेल्या बाटलीत मात्र दोनच महिने. स्वयंपाकाची भांडी यासाठी मुळीच वापरू नयेत आणि बाटल्यांवर नाव व तारीख लिहून त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

निवडीनंतर

शीट फिल्मचा मोठा लाभ असा, की प्रत्येक शीट स्वतंत्रपणे धुता येते. दृश्यात ऊन-सावलीचा भेद फार असेल, तर वेळ कमी करून आणि दृश्य सपाट असेल, तर वेळ वाढवून कॉन्ट्रास्ट राखता येतो. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या 'झोन सिस्टिम'चा हाच एक पाया आहे. मात्र वेळ बदलला की परिणाम किती बदलतो, हे एकाच डेव्हलपरच्या सवयीने कळते. दर महिन्याला नवा डेव्हलपर आजमावणाऱ्याला ते कधीच उमगत नाही.

तेव्हा क्वचित धुणाऱ्याने रॉडिनालसारखे टिकाऊ द्रावण आणि नियमित धुणाऱ्याने डी-७६ किंवा आयडी-११ समप्रमाणात पाणी मिसळून वापरावे. डब्यातील दोन-तीन शीट चाचणीसाठी खर्ची घालाव्यात, तापमान व वेळ वहीत टिपावा आणि किमान वर्षभर डेव्हलपर बदलू नये.