संगणक एकमेकांशी बोलतात तरी कसे?

सोलापूरच्या बाजारपेठेत तासभर उभे राहिले, तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. तरीही व्यवहार अडत नाही. भाव कोणी सांगायचा, माल केव्हा मोजायचा, पावती कोणी द्यायची, याचे संकेत साऱ्यांना ठाऊक असतात. जगभरातील निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांचेही असेच आहे. त्यांच्यातील देवाणघेवाणीच्या ठरलेल्या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. हे नियम पडद्याआड राहून काम करतात. मात्र त्यांची मर्यादा ठाऊक नसेल, तर पैसे गमावण्याची वेळ येऊ शकते.

पायाभूत जोडी

समजा, येथील एखाद्या कारखानदाराने चादरीच्या नक्षीचे छायाचित्र परदेशातील ग्राहकाला पाठविले. ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे, म्हणजे ‘पॅकेट’ होतात. प्रत्येक पॅकेटवर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा क्रमांकरूपी पत्ता असतो. तो कसा लिहायचा, हे ‘आयपी’ ठरवितो. वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा पाठविणे आणि सारे तुकडे क्रमाने जुळविणे, ही जबाबदारी ‘टीसीपी’ची. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ही जोडी आकारास आली. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील ‘अर्पानेट’ने ती स्वीकारली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही याच पायावर.

संभाषणात मात्र हरवलेल्या शब्दासाठी थांबून चालत नाही. म्हणून इंटरनेटवरील दूरध्वनी व चित्रसंवादासाठी बहुधा ‘यूडीपी’ हा वेगवान, पण पोहोच न मागणारा प्रोटोकॉल वापरतात.

नावावरून पत्ता

क्रमांक लक्षात ठेवणे माणसाला अवघड. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली ‘डीएनएस’ ही यंत्रणा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देते. २७ ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरीतील नावही तिच्यात उपलब्ध झाले.

पाने, पत्रे आणि फायली

संकेतस्थळाचे पान मागविण्यासाठी ‘एचटीटीपी’, ई-मेल रवाना करण्यासाठी ‘एसएमटीपी’, तर आलेली ई-मेल वाचण्यासाठी ‘आयमॅप’ किंवा ‘पॉप’ उपयोगी पडतो. फायलींची ने-आण करणाऱ्या ‘एफटीपी’चा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने लिहिला. मूळ एफटीपीत पासवर्ड उघडाच जात असल्याने आता त्याची जागा अधिक सुरक्षित पद्धतींनी घेतली आहे. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरनी २०२१ मध्ये त्याला निरोप दिला.

कुलपाचा खरा अर्थ

‘एचटीटीपीएस’मधील अखेरचा ‘एस’ सुरक्षिततेचा. या प्रोटोकॉलमुळे मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि वाटेतील कोणाला तो वाचता येत नाही. आपण पत्त्यात दिसणाऱ्या नावाच्याच संकेतस्थळाशी जोडले गेलो आहोत, याचीही खातरजमा होते. मात्र त्या संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक आहे, याची हमी त्यात नाही. बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून भामट्याने संकेतस्थळ उभारले, तर त्यालाही ‘एस’ मिळतो. पत्त्याशेजारील कुलपाचे चिन्ह पाहून लोक गाफील राहतात, हे ध्यानात आल्यावर गुगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच काढले.

ई-मेलचेही तसेच. मूळ एसएमटीपीत पाठविणाऱ्याच्या नावाची शहानिशा करण्याची सोय नव्हती. पुढे तपासणीचे उपाय जोडले गेले, तरी बनावट नावाची पत्रे आजही येतात.

म्हणूनच आलेल्या दुव्यावर टिचकी मारण्याऐवजी बँकेचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि अक्षर न् अक्षर तपासावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. प्रोटोकॉल वाट राखतो; दार कोणाचे आहे, हे आपणच पाहायचे असते.