कोंबडीचा दाणा, उंदराची मेजवानी

परसात मोकळी फिरणारी कोंबडी किडे, वाळवी, कोवळा पाला टिपून बरंच पोट भरते. तिला वरून रोज मूठभर कणी, बाजरी किंवा मका पुरतो. तो संध्याकाळी, खुराड्याजवळ घालावा. दाण्याच्या ओढीने कोंबड्या अंधाराआधी आपसूक घरी येतात. अर्ध्या तासात संपेल इतकाच टाकावा. उरलेल्या दाण्यावर उंदीर-घुशी येतात आणि त्यांच्या मागावर साप. साठा पत्र्याच्या झाकणबंद डब्यात ठेवावा. मुंगूस आणि रानमांजर रोखायला खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावून ती फूटभर जमिनीत पुरावी. पिल्लं घारीपासून जपायला डालग्याखाली ठेवावीत. उंदरांसाठी विष मात्र नको. ते कोंबडीच्याही पोटात जाऊ शकतं.