पोटदुखीआडचं नैराश्य
किशोरवयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. परभणी जिल्ह्यातल्या येलदरीचा नववीतला मुलगा दवाखान्यात येतो तो डोकं किंवा पोट दुखतंय म्हणून. म्हणून डॉक्टर, नर्स, आशाताईंच्या प्रशिक्षणात आधी हे शिकवायला हवं: आईवडिलांना थोडं बाहेर बसवा, मुलाशी एकट्याने बोला. झोप, भूक, मित्र, अभ्यास विचारा. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन कशातच लागत नसेल तर पुढे तपासा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हेही थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मूल मोकळं होतं. परभणीत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीच्या प्रेरणा प्रकल्पामुळे आशाताई शेतकऱ्याच्या ताणाची चौकशी करतातच. त्याच घरातल्या मुलांचीही व्हावी. मानसिक आरोग्याची मदतवाहिनी टेली-मानस, मोफत, चोवीस तास: 14416.