बचावफळीची गोष्ट : भाग ७
उजव्या पायाचा डावा बचावपटू

पाओलो माल्दिनी मुळात उजव्या पायाचा. पण त्याचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतो तो डाव्या बाजूला उभा असलेला, पाठीवर ३ नंबर असलेला लेफ्ट बॅक. डावा पाय त्यानं घासून घासून इतका तयार केला, की कुठला पाय जन्मजात आणि कुठला कमावलेला हे ओळखणं अवघड व्हावं.

या उलट्या मांडणीत एक फायदाही होता. समोरून विंगर चेंडू घेऊन येतोय. टचलाइनकडून तो अचानक आत, मैदानाच्या मधोमध वळतो, कारण गोल तिकडे आहे. लेफ्ट बॅकच्या दृष्टीनं हे वळण त्याच्या उजव्या हाताला होतं. बहुतेक डावखुऱ्या बचावपटूंचा कच्चा पाय नेमका त्याच बाजूला असतो. माल्दिनीचा पक्का पाय तिथं असे.

तो उभा कसा राहायचा तेही पाहा. छाती समोर करून नव्हे, अंगानं तिरका, गुडघे किंचित वाकवून, नजर चेंडूवर. विंगरच्या खांद्यांच्या हुलकावणीला तो भुलत नसे. अंग तिरकं असलं की वळून धावायला पाऊण पाऊल कमी लागतं आणि समोरच्याला एकच वाट मोकळी दिसते. ती वाट बचावपटूनं ठरवलेली असते. घसरून टॅकल करायची वेळ मग क्वचितच येते. घसरलेला बचावपटू प्रेक्षकांना आवडतो, पण तो जमिनीवर असतो. चेंडू निसटला तर उठेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो. मला माल्दिनी आवडतो तो त्याच्या न मळलेल्या शॉर्ट्समुळे.

२० जानेवारी १९८५ला, सोळाव्या वर्षी, तो उदिनेसेविरुद्ध एसी मिलानकडून बदली खेळाडू म्हणून उतरला. वडील चेझारे याच क्लबचे कप्तान होते, १९६३मध्ये वेम्ब्लीवर त्यांनी युरोपियन कप उचलला होता. मुलाला आडनाव आयतं मिळालं, जागा मात्र त्यानं स्वतःची स्वतः मिळवली. १९८७ साली आरिगो साक्की प्रशिक्षक झाले आणि तासोत्ती, बारेसी, कोस्टाकुर्ता, माल्दिनी ही चौकडी एका दोरीत ओवल्यासारखी पुढेमागे सरकू लागली. ऑफसाइडच्या सापळ्याबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलं, तो या चौघांनी कळसाला नेला.

१९९४च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याकडे मात्र नीट पाहायला हवं. अथेन्समध्ये समोर बार्सिलोना, आघाडीला रोमारियो आणि स्टॉइचकॉव्ह. बारेसी आणि कोस्टाकुर्ता दोघंही निलंबित. पंचविशीतल्या माल्दिनीला मधल्या जागेवर आणलं गेलं आणि मिलाननं ४-० असा सामना मारला. त्याच्या पुढच्या पंधरा वर्षांची चाहूल मला त्या रात्रीत दिसते. लेफ्ट बॅकला सगळी टचलाइन वरखाली तुडवावी लागते, तिशीनंतर फुप्फुसं आणि गुडघे हिशेब मागतात. सेंटर बॅकला धाव कमी, अंदाज जास्त लागतो. पाय मंदावतात तसतशी नजर तयार होत जाते. आपल्याकडच्या जुन्या पैलवानांसारखंच हे, जोर उतरला तरी डाव आधी कळतो.

देशासाठी मात्र पदरी निराशाच आली. १९९४ला ब्राझीलकडून पेनल्टी शूटआउटमध्ये विश्वचषक हुकला. २००२मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध जादा वेळेत आन जंग-ह्वान त्याच्यापेक्षा उंच उडाला, हेडर जाळ्यात गेला आणि ‘गोल्डन गोल’च्या नियमानं इटली तिथल्या तिथं बाहेर. १२६ सामन्यांनंतर त्यानं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. तेव्हा वय चौतीस.

पण क्लबकडची दोन युरोपीय अजिंक्यपदं अजून यायची होती! २००३ला ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसला पेनल्टींवर हरवून त्यानं कप्तान म्हणून चषक उचलला, वडिलांनंतर बरोबर चाळीस वर्षांनी आणि इंग्लंडमध्येच. २००५ला इस्तंबूलमध्ये पहिल्याच मिनिटाला त्यानं गोल केला, मध्यंतराला मिलान ३-० पुढे होतं, आणि तरीही लिव्हरपूल जिंकलं. दोन वर्षांनी त्याच लिव्हरपूलला २-१ हरवलं, तेही अथेन्सच्या त्याच मैदानावर, जिथं तेरा वर्षांपूर्वी तो मधोमध उभा राहिला होता. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला तेव्हा महिनाच उरला होता.

मिलानसाठी ९०२ सामने, सात इटालियन लीग विजेतेपदं, पाच युरोपीय चषक. क्लब एकच.

मे २००९मध्ये सान सिरोवर रोमाविरुद्ध घरचा शेवटचा सामना झाला. तो मैदानाला फेरी मारत असताना मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या एका गटानं त्याच्यावर शिट्ट्या मारल्या आणि बारेसीच्या नावाचा फलक फडकवला. चोवीस वर्षं ज्यांच्यासाठी खेळला त्यांच्याच स्टँडमधून हे यावं, याचा मला आजही राग येतो. आठवड्यानं, ३१ मे रोजी, फ्लोरेन्सला तो शेवटचा खेळला. परक्या गावातल्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मिलान २-० जिंकलं. एकही गोल खाल्ला नाही.