सोळा फणांची पाभर

प्रोसेसर ज्या आकड्यांवर काम करतो ते आधी रजिस्टरमध्ये आणावे लागतात. साधे रजिस्टर ६४ बिटांचे असते आणि त्यात एका वेळी एकच संख्या बसते, मग ती अब्जांतली असो वा एकेरी. व्हेक्टर रजिस्टर त्याहून रुंद, म्हणजे १२८, २५६ किंवा ५१२ बिटांचे असते. त्यात एक अवाढव्य संख्या ठेवायची नसते, तर बऱ्याच लहान संख्या शेजारी शेजारी मांडायच्या असतात. २५६ बिटांत आठ बिटांचे ३२, सोळा बिटांचे १६ किंवा बत्तीस बिटांचे ८ पूर्णांक मावतात. एक आदेश सुटला की सगळ्या कप्प्यांत तेच गणित एकदम होते.

माणदेशात, म्हणजे साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या आटपाडीत, ज्वारी-बाजरी पेरताना हेच घडत आले आहे. तिफणीला बैलजोडी एक, हाकणारा एक, चाड्यात बी सोडणारी मूठ एक. पण फण तीन असल्यामुळे एका फेरीत तीन ओळी पेरून होतात. व्हेक्टर आदेश ही सोळा किंवा बत्तीस फणांची पाभर आहे. तिची अडचणही तिफणीचीच. एका फणाला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे नेता येत नाही.

कप्प्यांमधली बेरीज साध्या बेरजेहून एकाच बाबतीत वेगळी असते. कागदावर बेरीज करताना हातचा डावीकडच्या घरात जातो. प्रोसेसरमध्येही तो बिटामागून बिट असाच सरकतो. व्हेक्टर बेरजेत मात्र कप्प्याच्या हद्दीवर हातच्याची वाट तोडलेली असते. शेताच्या बांधाने पाणी अडवावे तसा तो तिथेच अडतो, शेजाऱ्याच्या वाफ्यात उतरत नाही. बेरीज करणाऱ्या मंडलात यासाठी फारसे नवे काही बसवावे लागत नाही, म्हणून ही सोय स्वस्तात मिळते. अडलेल्या हातच्याचे काय करायचे हा प्रश्न मात्र उरतो आणि त्याची उत्तरे दोन आहेत. आठ बिटांच्या कप्प्यात २५५ च्या पुढे जागा नाही. २५० मध्ये १० मिळवले तर पहिल्या रीतीने हातचा टाकून दिला जातो आणि उत्तर ४ येते. दुसऱ्या, म्हणजे संपृक्त रीतीने उत्तर २५५ वर थांबते. फोटो उजळ करताना पहिली रीत वापरली तर पांढरेशुभ्र आभाळ एकाएकी काळे पडते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत १९५८ साली चालू झालेल्या टीएक्स-२ संगणकाचा ३६ बिटांचा गणकविभाग १८ बिटांचे दोन किंवा ९ बिटांचे चार असा तोडता येत असे. पुढे चित्रांची कामे वाढली तशी ती परतली. पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८६००’ या महासंगणकासाठी घेतलेल्या इंटेल आय-८६० या १९८९ च्या प्रोसेसरमध्ये एकाच वेळी अनेक पिक्सेल हाताळणारे आदेश होते. १९९८ च्या ‘परम १००००’ मधल्या अल्ट्रास्पार्क-२ मध्येही त्याच जातीचा संच होता. हवामान किंवा द्रवगतिकीची गणिते अपूर्णांकांची असल्यामुळे ‘परम’च्या मुख्य कामाला त्यांचा फारसा उपयोग नव्हता, हे खरे. घरगुती संगणकांत १९९७ साली पेंटियमबरोबर एमएमएक्स हा असाच आदेशसंच आला, २०१३ मध्ये पूर्णांकांसाठी २५६ बिटांची रुंदी मिळाली, आणि आज खिशातल्या मोबाइलमधल्या आर्म प्रोसेसरमध्येही १२८ बिटांचे असे आदेश असतात.

एक काम जवळून पाहू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे सर्वांना मोफत मिळतात. लाल आणि अवरक्त पट्ट्यांत त्यांचा एक पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटरचा, म्हणजे जवळपास गुंठाभर असतो. चित्राचा एक चौकोन १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलांचा, कित्येक तालुके सामावणारा. एकूण पिक्सेल १२ कोटींवर. प्रत्येक पिक्सेलची नोंद सोळा बिटांच्या पूर्णांकात असते आणि १०,००० म्हणजे पूर्ण परावर्तन. हिरवे पीक लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त परतवते, म्हणून दोहोंच्या फरकाला बेरजेने भागले की हिरवाईचा निर्देशांक मिळतो.

इथेच पहिली ठेच लागते. संगणकांतल्या नेहमीच्या व्हेक्टर संचांत पूर्णांकांचा भागाकार नाही. पण निर्देशांक ०.५ च्या वर आहे का, एवढेच विचारायचे असेल तर भागाकार लागतही नाही. थोडे बीजगणित केले की प्रश्न असा उरतो: अवरक्त नोंद लाल नोंदीच्या तिपटीहून मोठी आहे का? तिप्पट म्हणजे दोन बेरजा. डाळिंबाच्या भरल्या बागेत लाल ४०० आणि अवरक्त ३,५०० असेल, तर तिप्पट १,२०० आणि उत्तर होकारार्थी. उघड्या माळावर लाल १,८०० आणि अवरक्त २,६०० असेल, तर नकारार्थी.

आता चित्रात ढग आला. त्याची लाल नोंद १६,००० आणि अवरक्त १५,५०० धरू. तिप्पट ४८,००० होते, पण चिन्ह धरून मोजणाऱ्या सोळा बिटांच्या कप्प्याची मर्यादा ३२,७६७. हातचा टाकणाऱ्या बेरजेत ४८,००० चे उणे १७,५३६ होतात. १५,५०० त्याहून अर्थातच मोठे, म्हणून ढगाची नोंद हिरवेगार पीक अशी होते. प्रोसेसर कुठलीही चूक दाखवत नाही, काम थांबत नाही. ऐन दुष्काळात माळावर डाळिंबाच्या बागा उगवतात. संपृक्त बेरीज वापरली तर तिप्पट ३२,७६७ वर थांबते आणि ढग ढगच राहतो. तीच काळजी वजाबाकीतही घ्यावी लागते. जानेवारी २०२२ पासूनच्या चित्रांत प्रत्येक नोंदीतून १,००० वजा करायचे असतात. दरीच्या सावलीतली नोंद ९५० असेल तर बिनचिन्ही कप्प्यात साध्या वजाबाकीचे उत्तर ६५,४८६ येते, संपृक्त वजाबाकीचे शून्य.

तुलनेचे उत्तरही वेगळ्या तऱ्हेने मिळते. सोळा कप्प्यांपैकी काहींत ‘हो’ आणि काहींत ‘नाही’ असेल, तर प्रोग्रामला एका वाटेने वळता येत नाही. म्हणून ‘हो’ असलेल्या कप्प्यात सगळे बिट १ आणि इतरांत सगळे ० भरले जातात. हा मुखवटा पुढच्या गणितात चाड्याच्या बंद केलेल्या छिद्रासारखा वापरता येतो: पाभर चालतेच, त्या फणातून बी पडत नाही. मोजणीसाठी तर तो आयताच उपयोगी पडतो. सगळे बिट १ म्हणजे चिन्ह धरून उणे १, त्यामुळे मोजणीच्या रजिस्टरमधून मुखवटा वजा केला की प्रत्येक हिरव्या गुंठ्यामागे आकडा एकाने वाढतो. फक्त हे मोजणीचे कप्पेही सोळा बिटांचेच. ६५,५३५ फेऱ्या होण्याच्या आत ते मोठ्या कप्प्यांत रिकामे करावे लागतात.

गुणाकारात जागेची टंचाई आणखी वाढते, कारण सोळा बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार बत्तीस बिटांपर्यंत जातो. त्यामुळे खालचा अर्धा देणारा आदेश वेगळा, वरचा अर्धा देणारा वेगळा. तिसरा अधिक हुशार आहे: तो शेजारशेजारचे दोन गुणाकार करून त्यांची बेरीज बत्तीस बिटांच्या कप्प्यात ठेवतो. ध्वनी आणि व्हिडिओच्या कामात त्याचा मोठा उपयोग होतो.

या सगळ्याने वेळ किती वाचतो? एकेक पिक्सेल घेऊन प्रत्येकी आठ आदेश धरले तर सुमारे ९६ कोटी आदेश होतात. सेकंदाला तीन अब्ज आदेशांच्या गतीने त्यांना ०.३२ सेकंद लागतात. सोळा-सोळाच्या घासाने तेच काम ०.०२ सेकंदात उरकते. पण लाल आणि अवरक्त मिळून ४८ कोटी बाइट मेमरीतून यावे लागतात आणि सेकंदाला २० अब्ज बाइट पुरवणाऱ्या मेमरीला त्यासाठी ०.०२४ सेकंद हवेत. म्हणजे पाभर तयार, बैल तयार, आणि बी यायचे आहे. त्यापुढे कप्पे रुंद करून या कामात फारसे हाती लागत नाही.

शेवटी उरतो तुकडा. १०,९८० ला १६ ने भागले की ४ उरतात, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला पाभरीत न बसणारे चार पिक्सेल. ते एकेक करून उरकावे लागतात, किंवा मुखवटा लावून बारा कप्पे बंद ठेवावे लागतात. सगळ्या ओळी मेमरीत एकापुढे एक सलग मांडल्या असतील तर मात्र एवढीही खटपट नको: १०,९८० च्या वर्गाला १६ ने निःशेष भाग जातो आणि ७५,३५,०२५ फेऱ्यांत चौकोन संपतो.