पंचवीस गुणांची अट

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने सप्टेंबर २०२२ मध्ये साउथ डकोटा स्टेटचा ७-३ असा पराभव केला. सामना न पाहिलेल्यास वाटावे की, एक टचडाऊन आणि त्यावरचा जादा गुण मिळून हे सात गुण झाले असतील. प्रत्यक्षात टचडाऊन झालेच नव्हते. तीन गुण लाथेने मारलेल्या गोलाचे. उरलेले चार बचाव फळीने प्रतिपक्षाला त्याच्याच गोलक्षेत्रात दोनदा कोंडून मिळविलेले. जिंकलेल्या संघाच्या आक्रमणाची ही कथा!

तिकडचा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. ते साधण्याची आशा नसेल, तर चौथ्या वेळी चेंडू दूर लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. यास पंट म्हणतात. २०२३ च्या हंगामात आयोवाचा टोरी टेलर हा ऑस्ट्रेलियन खेळाडू पंटमध्ये ४,४७९ यार्डांचा विक्रम करून गेला. आधीचा विक्रम १९३८ सालचा होता. टेलरचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण पंट मारणाऱ्याला एवढे काम पडते, याचा अर्थ इतरांचे काम होत नाही, हे सांगावयास पंडित नको.

हे का झाले? क्वार्टरबॅकच्या फेकीचे भय राहिले नाही, की प्रतिपक्ष आपली माणसे पुढे दाटीने उभी करतो. मग धावण्याची वाट बंद होते. दोन प्रयत्न वाया गेले की तिसऱ्यांदा लांब फेक करावीच लागते, आणि ती येणार हे सर्वांनाच ठाऊक असते. त्यात २०२३ मध्ये मिशिगनहून आलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघा दुखावून बसला. त्याच्या जागी आलेल्या डीकन हिलच्या निम्म्याहून अधिक फेकी वाया गेल्या. ल्यूक लेची व एरिक ऑल हे चेंडू झेलणारे दोन भरवशाचे गडीही जायबंदी झाले.

परंतु दुखापतींवर सारे ढकलणे सोयीचे असले, तरी रास्त नाही. २०२२ मध्येच अव्वल श्रेणीतील १३१ संघांत आयोवाचे आक्रमण १३० वे होते. मुख्य प्रशिक्षक किर्क फेरेंट्स १९९९ पासून पदावर आहेत आणि २०१७ पासून आक्रमणाची सूत्रे त्यांचे चिरंजीव ब्रायन यांच्याकडे होती. भाऊबंदकीचा आरोप नको म्हणून ब्रायन कागदोपत्री क्रीडा संचालकांना जबाबदार होते. कागदाने नाते मिटत नाही. मुलाच्या कामाची झाडाझडती बापाने घ्यावी, ही अपेक्षाच मुळी क्रूर आहे. ती वेळ त्यांच्यावर आणावयासच नको होती.

विद्यापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये काढलेला तोडगा तर कारकुनी होता. ब्रायन यांच्या पगारात पन्नास हजार डॉलरची कपात झाली आणि संघाने सामन्यामागे सरासरी पंचवीस गुण मिळवावेत व किमान सात सामने जिंकावेत, अशी अट घालण्यात आली. गंमत अशी की, बचाव फळीने मिळविलेले गुणही त्यात धरावयाचे होते. म्हणजे एकाच्या परीक्षेत दुसऱ्याचे गुण! एवढे करूनही सरासरी सुमारे साडेपंधराच भरली. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, संघ आठांपैकी सहा सामने जिंकलेला असताना, हंगामानंतर ब्रायन राहणार नाहीत असे जाहीर झाले.

खरे दुखणे त्या सहा विजयांतच होते. फिल पार्कर यांची बचाव फळी इतकी भक्कम होती की, दहा-बारा गुणांतही काम भागे. पुढे नॉर्थवेस्टर्नला १०-७, इलिनॉयला १५-१३ असे हरवून संघाने एकूण दहा सामने जिंकले. जिंकणाऱ्याला जाब कोण विचारणार? तो विचारला मिशिगनने २६-० आणि टेनेसीने ३५-० असा.

२०२४ मध्ये टिम लेस्टर आले. मुख्य प्रशिक्षक तेच होते. आदल्या वर्षी फारसा न चमकलेला केलेब जॉन्सन त्या हंगामात १,५३७ यार्ड धावला आणि संघाची सरासरी पंचवीसच्या पुढे गेली. सामने मात्र आठच जिंकले.